वाचा व भाषा दोषांचे चिकित्सकीय मूल्यमापन : मूलतत्त्वे आणि मराठी भाषिक संदर्भ

प्रस्तावना :

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख इतकी होती. त्यांपैकी सुमारे ५१ लाख व्यक्ती श्रवणदोष असलेल्या, तर सुमारे २० लाख व्यक्ती वाचादोष असलेल्या म्हणून नोंदविल्या गेल्या. या आकड्यांमागे एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या व्यक्तीच्या बोलण्यात दोष आहे, हे नेमके कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? घरातील वडीलधारी मंडळी 'याचे वडीलही उशिराच बोलले' असे म्हणून निश्चिंत राहतात, जिभेला वेखंड लावून पाहतात. शिक्षक मुलाला 'मंद' ठरवून मोकळे होतात. एका बाजूला खरा दोष दुर्लक्षित राहतो, तर दुसऱ्या बाजूला नसलेला दोष मुलाच्या माथी मारला जातो. या दोन्ही चुका टाळण्याचे शास्त्रीय साधन म्हणजे चिकित्सकीय मूल्यमापन होय.

वाचा-भाषा चिकित्सा ही विद्याशाखा भारतात १९६० च्या दशकात आकारास आली. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था याच दशकात स्थापन झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. पुढे १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने या व्यवसायाला वैधानिक चौकट मिळाली. असे असले तरी या शाखेतील बहुतांश चाचण्या व निकष इंग्रजी भाषिक समाजात तयार झालेले आहेत. म्हणूनच प्रस्तुत लेखात मूल्यमापनाची मूलतत्त्वे स्पष्ट करून ती मराठी भाषिक व्यक्तीला लागू करताना कोणती दक्षता घ्यावी लागते, याचे विवेचन केले आहे.

मूल्यमापन : अर्थ व उद्दिष्टे

मूल्यमापन म्हणजे केवळ चाचणी घेणे नव्हे. चाचणी हे माहिती मिळविण्याचे एक साधन आहे. इतिहास, निरीक्षण, तपासणी आणि चाचणी या सर्व मार्गांनी मिळालेल्या माहितीचा परस्परांशी मेळ घालून निर्णय घेणे, ही मूल्यमापनाची प्रक्रिया होय. तिच्यातून पुढील प्रश्नांची उत्तरे अपेक्षित असतात :

१) दोष खरोखरच आहे काय?
२) असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा व किती तीव्रतेचा आहे?
३) त्याचे संभाव्य कारण कोणते?
४) त्या दोषामुळे व्यक्तीच्या दैनंदिन जीवनात कोणता अडसर निर्माण होतो?
५) उपचार कोठून सुरू करावेत व सुधारणेची शक्यता कितपत आहे?

चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञाने वाचादोषाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, जे बोलणे आशयाऐवजी स्वतःकडेच लक्ष वेधून घेते, संवादात अडथळा आणते किंवा बोलणाऱ्याला अस्वस्थ करते, ते सदोष मानावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही शरीराची रचना व कार्य यांच्याबरोबर व्यक्तीच्या कृती, समाजातील सहभाग व भोवतालची परिस्थिती यांना महत्त्व दिले आहे. त्यामुळे 'र' उच्चारता येत नाही एवढी नोंद पुरेशी ठरत नाही. त्यापायी मूल वर्गात हात वर करावयाचे टाळते काय, हेही पाहावे लागते.

येथे वाचा आणि भाषा यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. वाचा म्हणजे श्वास, स्वरयंत्र, जीभ, टाळू, ओठ इत्यादींच्या साहाय्याने होणारी ध्वनींची निर्मिती. भाषा म्हणजे अर्थ व्यक्त करण्याची व समजून घेण्याची नियमबद्ध व्यवस्था. ब्लूम व लाही यांनी १९७८ मध्ये भाषेची रूप, आशय आणि उपयोजन अशी तीन अंगे मांडली. आपल्या व्यवहारातील शब्दही हे भेद ओळखतात. बोबडे बोलणे हा उच्चारणाचा, तोतरेपणा हा ओघाचा, घोगरेपणा हा आवाजाचा, तर गेंगाणे बोलणे हा अनुनादाचा विषय आहे. भाषेच्या दोषाला मात्र लोकव्यवहारात असा नेमका शब्द नाही. स्पष्ट उच्चार करणारे, पण वाक्य न जुळवू शकणारे मूल म्हणूनच अनेकदा नजरेतून सुटते.

मूल्यमापनाचे टप्पे

१) पूर्वेतिहास : गर्भावस्था, जन्माच्या वेळच्या अडचणी, कावीळ, आकडी, कानाचे वारंवार होणारे विकार, विकासाचे टप्पे आणि कुटुंबातील अन्य कोणाचे दोष यांची माहिती प्रथम घेतली जाते. सर्वसाधारणपणे मूल वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते आणि दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडणी करते. हे टप्पे सरासरीचे आहेत. प्रत्येक मूल काही प्रमाणात मागेपुढे असते. पूर्वी येत असलेले शब्द बोलणे मूल थांबवीत असेल, तर मात्र ती बाब कोणत्याही वयात गंभीर मानावी. मुलाशी घरात कोण कोणत्या भाषेत व किती वेळ बोलते, हा प्रश्नही पूर्वेतिहासाचा अविभाज्य भाग आहे.

२) श्रवणतपासणी : वाचा किंवा भाषेविषयीच्या कोणत्याही निष्कर्षापूर्वी श्रवणतपासणी होणे अनिवार्य आहे. 'थाळी वाजविली की वळतो, म्हणजे ऐकू येते' हा समज फसवा आहे. भांड्याचा मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलाला 'स', 'श' यांसारखे क्षीण व उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू येत नसण्याची शक्यता असते. नवजात बालकाची तपासणी ओएई या काही मिनिटांच्या चाचणीने, तर आवश्यकतेनुसार झोपेत केल्या जाणाऱ्या बेरा चाचणीने होऊ शकते. मूल लहान आहे म्हणून श्रवणतपासणी करता येत नाही, असे आता म्हणता येत नाही.

३) वागवयवांची तपासणी : ओठ, दात, जीभ, कठोर व मृदू टाळू यांची रचना आणि हालचाल पाहिली जाते. 'प', 'त', 'क' हे ध्वनी वेगाने व क्रमाने म्हणावयास सांगितल्यास हालचालींचा वेग व समन्वय लक्षात येतो. दुभंगलेल्या टाळूच्या संदर्भात नाकाखाली थंड आरसा धरून 'बाबा काकाला पाटी द्या' असे वाक्य म्हणवून घेता येते. या वाक्यात एकही अनुनासिक ध्वनी नाही. तरीही आरशावर वाफ धरली, तर बोलताना हवा नाकावाटे निसटते असा संकेत मिळतो. याच तपासणीसाठी 'मामा' हा शब्द वापरल्यास वाफ धरणे स्वाभाविकच आहे व त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

४) आवाज व ओघ : आवाजाची पट्टी, तीव्रता व गुणवत्ता यांची नोंद घेतली जाते. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या घोगरेपणात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी झाल्याखेरीज आवाजाचे व्यायाम सुरू करू नयेत, हा नियम कटाक्षाने पाळला पाहिजे. कारण घोगरेपणा हे कर्करोगाचेही पहिले लक्षण असू शकते. ओघाच्या मूल्यमापनात अडखळलेल्या अक्षरांचे प्रमाण काढतात. समजा, ३०० अक्षरांच्या भाषणात २४ ठिकाणी अडथळा आला, तर प्रमाण ८ टक्के होते. मात्र 'मला... मला ते पाहिजे' अशी संपूर्ण शब्दाची सहज पुनरुक्ती दोन ते पाच वर्षांच्या अनेक मुलांत आढळते. ध्वनी लांबविणे, शब्दारंभीच आवाज अडकणे, डोळे मिटणे वा मान झटकणे ही लक्षणे अधिक चिंताजनक असतात.

५) भाषानमुना : खेळताना, चित्राविषयी बोलताना किंवा गोष्ट सांगताना मुलाने उच्चारलेली ५० ते १०० वाक्ये ध्वनिमुद्रित करून त्यांचे विश्लेषण केले जाते. प्रमाणित चाचणी उपलब्ध नसलेल्या भाषेत हे साधन सर्वाधिक विश्वासार्ह ठरते, कारण त्यात मुलाची स्वतःची भाषा दिसते.

६) प्रमाणित चाचण्या : चाचणी तेव्हाच उपयुक्त ठरते, जेव्हा तिच्यात सप्रमाणता व विश्वसनीयता असते आणि ज्या समाजावरून तिचे निकष काढले, त्याच समाजातील व्यक्तीला ती दिली जाते. उदाहरणादाखल, एखाद्या वयोगटाचे सरासरी गुण ४० व प्रमाण विचलन ६ असेल, तर ३१ गुण मिळविणारे मूल सरासरीच्या दीड प्रमाण विचलनाने खाली आहे असे म्हणता येईल. परंतु हे ४० गुण इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या सरासरीचे असतील, तर मराठी मुलाविषयी ही वजाबाकी काहीही सांगत नाही.

चाचणीचे भाषांतर अपुरे का ठरते?

इंग्रजी चाचणीतील वाक्ये मराठीत आणली की मराठी चाचणी तयार होते, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक भाषा मुलासमोर निराळी आव्हाने ठेवते.

अनेकवचनाचे उदाहरण घेऊ. इंग्रजीत बहुतांश नामांना एकच प्रत्यय लागतो. मराठीत 'आंबा–आंबे', 'चिंच–चिंचा', 'भिंत–भिंती', 'मूल–मुले' अशी रूपे लिंगानुसार व अंत्य स्वरानुसार बदलतात. 'दगड' व 'उंदीर' यांची तर एकवचनी व अनेकवचनी रूपे सारखीच असतात. चाचणीत उंदराचे चित्र निवडल्यास मुलाला अनेकवचन येते की नाही, हे कधीच कळणार नाही.

दुसरे उदाहरण क्रियापदाचे. 'राजूने आंबा खाल्ला', 'राजूने पोळी खाल्ली' या वाक्यांत क्रियापद कर्त्याऐवजी कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. इंग्रजी चाचणीत या क्षमतेची तपासणीच नसते. वाक्याची लांबी मोजण्याबाबतही हेच म्हणता येईल. रॉजर ब्राऊन यांनी १९७३ मध्ये इंग्रजी मुलांच्या अभ्यासातून वाक्यांची सरासरी लांबी रूपिमांत मोजण्याची पद्धत रूढ केली. 'मी शाळेत गेलो' या वाक्यात शब्द तीन. पण 'शाळेत' मधील विभक्तिप्रत्यय आणि 'गेलो' मधील काळ व पुरुष-लिंग-वचन दाखविणारे घटक वेगळे मोजल्यास रूपिमे सहा होतात. कोणते परिमाण वापरले, हे अहवालात नमूद नसेल, तर दोन तज्ज्ञांचे निष्कर्ष परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत.

उच्चारणाच्या चाचणीत मराठीतील महाप्राण, मूर्धन्य व 'ळ' हे ध्वनी आणि 'च', 'ज' यांचे दोन्ही उच्चार समाविष्ट असावे लागतात. 'चार' व 'चाक' यांतील 'च' एकच नाही. जगणे या अर्थाचा 'जग' व विश्व या अर्थाचा 'जग' यांचे लेखन एक असले तरी उच्चार भिन्न आहेत. लिपीवरून शब्दसूची तयार करणाऱ्याच्या हातून हे भेद सहज निसटतात.

बोलीभेद आणि दोष

मूल्यमापनातील सर्वांत नाजूक प्रश्न येथे उद्भवतो. वऱ्हाडी बोलीत 'डोळा', 'शाळा' हे शब्द 'डोया', 'शाया' असे उच्चारले जातात. उत्तर कोकणच्या किनारपट्टीवरील काही बोलींत 'ळ' च्या जागी 'ल' येतो. 'पाणी' ऐवजी 'पानी' हा उच्चार तर महाराष्ट्राच्या अनेक भागांत रूढ आहे. हे उच्चार त्या त्या बोलीच्या नियमांना धरून आहेत. त्यांना दोष म्हणणे अशास्त्रीय आहे. म्हणून मुलाचा उच्चार प्रमाणभाषेशी ताडण्यापूर्वी तो त्याच्या आईवडिलांच्या व गावच्या उच्चाराशी ताडला पाहिजे.

घरात गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलणारी मुले शाळेत प्रथमच मराठीला सामोरी जातात. शहरांत मराठी घरातील मुले इंग्रजी माध्यमात जातात. परदेशस्थ मराठी कुटुंबांतही हीच स्थिती असते. अशा मुलांच्या बाबतीत एक तत्त्व मार्गदर्शक ठरते : खरा भाषादोष मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. अडचण केवळ शाळेच्या भाषेत असेल, तर प्रथम त्या भाषेच्या अपुऱ्या संपर्काचा विचार करावा. शब्दसंग्रह मोजतानाही दोन्ही भाषांतील शब्द एकत्र विचारात घ्यावेत. 'घरात मराठी बोलणे बंद करा, म्हणजे मूल लवकर बोलेल' हा सल्ला आजही पालकांना दिला जातो; परंतु दोन भाषा ऐकल्याने भाषादोष निर्माण होतो, या समजाला संशोधनाचा आधार नाही. या सल्ल्यामुळे मूल आजी-आजोबांशी असलेला संवाद मात्र गमावून बसते.

एक उदाहरण

वरील तत्त्वे एकत्रितपणे कशी उपयोगात येतात, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. यवतमाळ जिल्ह्यातून मुंबईच्या उपनगरात आलेल्या कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा. 'याचे बोलणे कळत नाही, याला विशेष शाळेत पाठवा' असे बालवाडीतून सांगण्यात आले. तपासणीत तो 'केळी' ला 'केयी', 'रस्ता' ला 'लस्ता', 'काका' ला 'ताता' व 'गाय' ला 'दाय' म्हणतो असे आढळले. भाषानमुन्यात मात्र त्याची वाक्ये चार-पाच शब्दांची, काळ व लिंग यांच्या योग्य रूपांसह होती. सांगितलेल्या गोष्टीतील कारण-परिणाम त्याला कळत होते. श्रवणतपासणीत दोन्ही कानांत सौम्य स्वरूपाचा, मध्यकर्णात पाणी साचल्यामुळे असणारा दोष दिसून आला.

केवळ चुका मोजल्या, तर चार ध्वनी सदोष असा निष्कर्ष निघेल. परंतु या चार चुका एका जातीच्या नाहीत. 'ळ' चा 'य' हा आईवडिलांच्याही बोलण्यात आहे. तो बोलीभेद होय. 'र' हा ध्वनी उशिरा आत्मसात होणाऱ्या ध्वनींपैकी असल्याने चौथ्या वर्षी 'ल' येणे हे निरीक्षणाखाली ठेवण्याजोगे आहे. 'क' व 'ग' यांच्या जागी 'त' व 'द' येणे मात्र या वयात अपेक्षित नाही. तेथे उपचाराची गरज आहे. जीभ कोठे टेकवायची हे दाखविल्यावर मुलगा 'क' उच्चारू शकला, तर सुधारणेची शक्यता चांगली मानता येते. कानासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला तातडीने घ्यावा लागेल. विशेष शाळेत पाठविण्यास येथे कोणताही आधार नाही. मुलाचे पुढील शिक्षण कोणत्या वर्गखोलीत होईल, हे या विश्लेषणावर अवलंबून आहे.

प्रौढांतील मूल्यमापन : वाचाघात

१८६१ मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी 'टॅन' एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतील डाव्या बाजूच्या इजेचे वर्णन केले. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी ओघवते परंतु अर्थहीन बोलणाऱ्या, आकलन हरपलेल्या रुग्णांचे वर्णन केले. आजही वाचाघाताच्या मूल्यमापनात चार क्षमता प्रामुख्याने पाहिल्या जातात : स्वयंस्फूर्त बोलण्यातील ओघ, ऐकलेल्याचे आकलन, पुनरुच्चार आणि वस्तूंची नावे सांगणे. या चारांपैकी काय टिकले व काय हरपले, यावरून वाचाघाताचा प्रकार ठरतो. वाचन व लेखन यांची तपासणी त्यास जोडली जाते.

पक्षाघातानंतर बोलणे अस्पष्ट झालेल्या प्रत्येक रुग्णास वाचाघात असतोच असे नाही. मनातील शब्द लिहून अचूक दाखविणाऱ्या रुग्णाची भाषा शाबूत असून स्नायूंवरील नियंत्रण कमी झालेले असू शकते. याउलट 'चमचा' ऐवजी 'वाटी' म्हणणारा, पण एक ते दहा अंक सलग मोजणारा रुग्ण भाषेच्या पातळीवर अडखळत असतो. रुग्णाची आजारापूर्वीची स्थितीही जाणून घेतली पाहिजे. कधीही शाळेत न गेलेल्या आजींना वाचनात शून्य गुण देणे म्हणजे त्यांच्याजवळ नसलेली गोष्ट हरवल्याची नोंद करणे होय. घरी कोकणी व कचेरीत मराठी बोलणाऱ्या व्यक्तीची तपासणी दोन्ही भाषांत व्हावी, कारण आजारानंतर सर्व भाषा सारख्याच प्रमाणात परत येतील असे नाही. आरंभीच्या आठवड्यांत रुग्णाची स्थिती वेगाने बदलत असल्याने एकाच तपासणीवरून भविष्य वर्तविणे टाळावे.

अहवाल आणि त्याचे परिणाम

मूल्यमापनाचा शेवट अहवालाने होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' याचा समावेश असून, स्वरयंत्र काढून टाकणे किंवा वाचाघात यांसारख्या सेंद्रिय वा मज्जासंस्थीय कारणांनी आलेले कायमस्वरूपी दिव्यांगत्व असा त्याचा आशय आहे. त्यामुळे सुधारण्याजोगा उच्चारदोष व कायमस्वरूपी दिव्यांगत्व यांची अहवालात गल्लत होऊ नये. तपासणी कोणत्या भाषेत झाली, कोणती चाचणी वापरली, तिचे निकष कोणत्या समाजाचे आहेत, मूल त्या दिवशी आजारी किंवा बुजलेले होते काय, याची नोंद असावी. काय येत नाही याबरोबरच काय येते हेही लिहिले जावे. उपचाराची सुरुवात तेथूनच होते. शिवाय हा अहवाल पालकांना समजेल अशा मराठीत समजावून सांगणे, हा तज्ज्ञाच्या कर्तव्याचाच भाग आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, चिकित्सकीय मूल्यमापन ही गुण मोजण्याची यांत्रिक क्रिया नसून भेद ओळखण्याची शिस्त आहे. श्रवणदोष व भाषादोष, वाचा व भाषा, बोली व विकृती, अपुरा संपर्क व अपुरी क्षमता, तात्पुरती अडचण व कायमस्वरूपी दिव्यांगत्व हे भेद जेथे पुसट होतात, तेथे निदान चुकते आणि त्याची किंमत रुग्णाला वर्षांच्या हिशेबात मोजावी लागते. मराठी व तिच्या बोलींमधील उच्चारण, रूपव्यवस्था आणि बालभाषा यांचे निकष तयार करण्याच्या कामी भाषाशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व वैद्यक यांचे अभ्यासक एकत्र येणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील लहान मुलांच्या बोलण्याचे नमुने पालकांच्या संमतीने पद्धतशीरपणे ध्वनिमुद्रित केले, तरी या कार्याचा पाया घातला जाईल.